चॉकलेट-पीनट बटरचे कुरकुरे गोळे आणि आपली कोकणची हवा

समुद्रकाठची
मंडळी, गणपतीला घर पोरांनी भरणार आहे. मोदक एक-एकच खातात, नंतर "अजून काय आहे?" सुरू. भाचीने पुण्याहून एक पाककृती (पाकृ) पाठवली आहे. ओव्हन नको, भाजणं नको, काही नको. डार्क चॉकलेट आणि एक वाटी पीनट बटर एकत्र वितळवायचं, त्यात एक मोठा चमचा मध आणि एक चमचा खोबरेल तेल (खायचं!), मग चार वाट्या कॉर्नफ्लेक्स घालून चमच्याने गोळे टाकायचे आणि फ्रिजमध्ये सेट करायचे. तिचे फोटो बघून जीव गेला माझा.

पण भाची राहते पुण्यात आणि मी मालवणात. इथे भाद्रपदात पापड डब्यातून काढून ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो. फ्रिजमध्ये दुर्वा, फुलं, उकडीचं पीठ, खवलेला नारळ, वर कोणाची तरी इन्सुलिन. जागा मिळाली तरी लाईट राहील याची खात्री नाही. तेव्हा प्रश्न असा: हे गोळे सकाळी करून संध्याकाळच्या आरतीपर्यंत बाहेर, डब्यात टिकतील का? आणि कॉर्नफ्लेक्सऐवजी कुरमुरे चालतील का?

गुळचट
फोटो?

घाटावरची
अगं एवढा काय विचार करतेस! मी कोल्हापुरात दर सुट्टीत करते. आठवडाभर डब्यात राहतात, शेवटचा गोळासुद्धा कुरकुरीत. बिनधास्त कर.

समुद्रकाठची
@घाटावरची, ताई, तुमच्याकडे कपडे वाळतात ना? मग आपलं बोलणंच नको. :)

गुळचट
=)) फोटो मात्र द्याच.

प्रयोगवही
भाचीची पाकृ पुण्यात बरोबर आहे. मालवणात तिच्यातल्या तीन गोष्टी घोळ करतील.

पहिली, खोबरेल. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. अमेरिकेतल्या पाककृतींत ते घालतात, कारण तिथल्या थंड घरात ते चॉकलेटला घट्ट धरतं आणि तोंडात लगेच विरघळतं. आपल्याकडे किनाऱ्यावर थंडीतल्या एखाद-दुसऱ्या पहाटे बाटलीत पांढरं दिसलं तर दिसलं. भाद्रपदात ते तेल म्हणजे तेलच. एक चमचा घातलात की गोळा ढेपाळलाच म्हणून समजा.

दुसरी, मध. मध हवेतलं पाणी ओढतो. गूळ, साखरेचा पाक यांचंही तेच. पावसाळ्यात कुरमुऱ्याचे लाडू चिकट होतात ते यामुळेच. चॉकलेट आणि पीनट बटर दोन्हींत स्निग्धांश भरपूर आणि पाणी जवळपास नाही. कुरमुऱ्याच्या प्रत्येक दाण्यावर त्यांचा थर बसला की बाहेरची ओल आत शिरायला वेळ लागतो. या पदार्थाचा कुरकुरीतपणा त्या थरावरच टिकून असतो आणि मध घालून आपण त्यालाच भोक पाडतो. गोडी कमी वाटली तर चॉकलेट गोड घ्या, मध नको.

तिसरी, खुद्द चॉकलेट. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, पण हा आकडा नीट टेम्पर केलेल्या (म्हणजे ठरावीक तापमानांवर वितळवून, गार करून जमवलेल्या) चॉकलेटचा. आपण घरी वितळवून नुसतं थंड होऊ दिलं तर त्याचे स्फटिक वेगळ्या, कच्च्या जातीचे बनतात आणि ते २७-२८ अंशांना मऊ पडतात. वर पीनट बटरमधलं शेंगदाण्याचं तेल. म्हणजे खोलीत ३० अंश असताना गोळा घट्ट राहावा अशी अपेक्षाच चूक आहे.

उपाय: कंपाऊंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य घट्ट फॅट असतं, टेम्परिंग लागत नाही आणि आपल्या हवेत ते टणक राहतं. २०० ग्रॅम कंपाऊंडला पीनट बटर तीन मोठे चमचेच, वाटीभर नाही. कुरमुरे तीन वाट्या. संध्याकाळपर्यंत आरामात.

भरतीओहोटी
ह्या सगळा ठीक. पण माका एक सांगा, हेच्यात नारळ खंय आसा? नारळ नसलेलो पदार्थ आमच्या गावात कोण खाता?

समुद्रकाठची
@भरतीओहोटी, मीही तोच विचार करत होते. ओलं खोबरं परतून घातलं तर?

प्रयोगवही
ओलं नको, कितीही परतलंत तरी नको. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं की साखर आणि कोको त्या पाण्याभोवती गोळा होतात आणि सगळं मिश्रण रवाळ, खडबडीत होतं. सुकं खोबरं किसून मंद आचेवर बदामी भाजा, पूर्ण गार करा, मग घाला. चव तर वाढतेच, गोळ्यालाही आधार मिळतो.

भरतीओहोटी
आता कसा, आता झाला जेवाण.

ओव्हनवाली
मी रत्नागिरीत केक-चॉकलेटच्या घरगुती ऑर्डर घेते, म्हणून राहवत नाही. प्रयोगवही काका, शास्त्र मान्य, पण कंपाऊंडची शिफारस मान्य नाही. ते टाळूला चिकटतं. मेणबत्ती चावल्यासारखं वाटतं आणि चॉकलेटची चव मागाहून, रांगेत उभी राहून येते. पोरांना एकदा खऱ्या चॉकलेटची चव लागू द्या की. एसीच्या खोलीत टेम्पर करा. डार्क ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, हलवत हलवत २७-२८ पर्यंत आणायचं, परत ३१-३२ वर न्यायचं. दीडशे-दोनशे रुपयांत थर्मामीटर मिळतो. मी करतेच ना रत्नागिरीत बसून.

गुळचट
आणि गणपतीच्या घरात एसीची खोली कोणाला मिळते? मुंबईहून आलेल्या काकांना. तिथे रात्रीपर्यंत पत्ते चालू असतात. टेम्परिंग पत्त्यांवर करायचं का?

ओव्हनवाली
=)) बरं, तो मुद्दा मान्य.

प्रयोगवही
ओव्हनवाली ताई, तुमची चवीची तक्रार अगदी खरी आहे. पण विचारणारीला एसी नाही, फ्रिजमध्ये जागा नाही, लाईटचा भरवसा नाही. शिवाय टेम्पर केलेल्या चॉकलेटमध्ये पीनट बटर मिसळलं की ते पुन्हा मऊच पडणार. तुम्ही स्वतःच्या ऑर्डरमध्ये पीनट बटर आत भरता की सगळ्यात मिसळता?

ओव्हनवाली
आत भरते. बाहेर टेम्पर केलेलं कवच. हं. बरोबर आहे तुमचं, मिसळायचं असेल तर गणित वेगळं. तरी कंपाऊंड घेताना डार्क घ्या, मिल्क नको. मिल्क कंपाऊंड पीनट बटरसोबत नुसतं गोड लागतं. आणि कुरमुऱ्यात मुळात मीठ असतं, ते डार्कसोबत फार छान लागतं. वरून वेगळं मीठ घालू नका.

दर्यावर्दी
मला एक कळत नाही. शेंगदाणा घाटावरचा, चॉकलेट परदेशी, पीनट बटर अमेरिकन. कोकणात गणपतीला हे कशाला? आपल्याकडे खाजं आहे, खडखडे लाडू आहेत, काजूची वडी आहे. अस्सल कोकणी काहीतरी द्या की पोरांना.

माहितीचा_डोंगर
दर्यावर्दी साहेब, दिवे घ्या (गमतीने घ्या), पण तुमचा काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला. मिरची, अननस यांचीही तीच कथा. शेंगदाणा आणि कोको मूळचे दक्षिण अमेरिकेचेच. म्हणजे काजूला चॉकलेट परकं म्हणण्यात अर्थ नाही, दोघं एकाच गावचे, काजू जरा आधीच्या बोटीने आला एवढंच. आता वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा जाती निघाल्या आणि आपण त्याला कुळाचार समजायला लागलो.

आलोच आहे तर अजून थोडं. भाताच्या फुललेल्या दाण्यांचं 'राईस क्रिस्पीज' केलॉग्जने १९२८ मध्ये बाजारात आणलं. १९३९ मध्ये त्यांच्याच स्वयंपाक विभागातल्या मिल्ड्रेड डे आणि मॅलिटा जेन्सन यांनी लोणी आणि मार्शमेलो वितळवून त्याच्या वड्या केल्या. त्या कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला निधी जमवायला विकायच्या होत्या. पुढे त्या घराघरात गेल्या, चॉकलेट आणि पीनट बटर नंतर आलं. मार्शमेलोत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणून आपल्याकडे शाकाहारी घरात ती मूळ वडी चालत नाही. चॉकलेटवाली चालते.

दर्यावर्दी
भा.पो. (भावना पोचल्या). तरी खाजं ते खाजं.

भरतीओहोटी
खाज्याक कोण नाय म्हणता? जत्रेक खाजा, गणपतीक चाकलेट. दोन्ही खावा.

पंचपाळे
नैवेद्याला चालेल का हो? की वेगळं ठेवायचं?

गुळचट
बाप्पाचं वाहन ठरवेल. रात्री डबा उघडा ठेवून बघा.

पंचपाळे
मी गंभीरपणे विचारत होते. :|

समुद्रकाठची
आमच्याकडे नैवेद्याच्या पानावर उकडीचेच मोदक असतात, हे पोरांसाठी बाजूला. तुमच्या घरात जसं चालत असेल तसं करा ताई. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "देवाला दाखव नको दाखव, मला दाखव."

परसदार
कुरमुऱ्यांबद्दल कोणी नीट लिहिलंच नाही, म्हणून लिहिते.

कुरमुरे गरम वाळूत फोडतात. सुटे घेतलेत तर तळाशी बारीक वाळू असते. चिवड्यात ती कळत नाही, चॉकलेटमध्ये दाताखाली कचकन लागते. आधी भोकाच्या चाळणीतून चाळा, मग ताटात पसरून वरच्यावर उचला, तळाशी राहील ते टाकून द्या.

मग भाजणं. जाड बुडाची कढई, मंद आच, एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नाही. आधी कुरमुरे कढईत फिरतात तेव्हा आवाज दबका असतो, ओल असते ना. थोड्या वेळाने तोच आवाज कोरडा, खुळखुळता होतो. एक दाणा दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं. दबून चपटा झाला तर अजून वेळ आहे. रंग बदलेपर्यंत थांबू नका, कडवट होतात. ताटात काढून पसरा. गरम असताना डब्यात भरलेत तर स्वतःच्याच वाफेने परत मऊ. आणि पंख्याखाली फार वेळही ठेवू नका, आपल्या हवेत गार झाले की लगेच चॉकलेटमध्ये जायला हवेत. म्हणजे चॉकलेट आधी वितळवून तयार, कुरमुरे मागाहून. बहुतेक जणी उलट करतात.

कॉर्नफ्लेक्स जाड असतात, जास्त तग धरतात. मी अर्धे-अर्धे घेते. भाजके पोहेही चांगले. साळीच्या लाह्या बघायला सुंदर, पण त्यांची तुसं घशात अडकतात, पोरांना नको.

प्रयोगवही
परसदार ताईंना अनुमोदन. एकच भर: चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवा; तेव्हा खालच्या भांड्यातलं पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला लागू नये, पाणी उकळायला लागलं की गॅस बंद करावा. वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद घ्या, म्हणजे कडेने वाफ आत येत नाही. झाकण अजिबात ठेवू नका, त्याला जमलेलं पाणी थेट चॉकलेटमध्ये पडतं. उलथनं, चमचे, वाट्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पावसाळ्यात मांडणीवरच्या भांड्यालाही दमटपणा असतो.

रात्रपाळी
डॉक्टरकीचं बोलतो, कंटाळवाणं वाटेल. घर पाहुण्यांच्या पोरांनी भरलंय म्हणजे प्रत्येकाच्या आईला आधी विचारा, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. आपल्याकडे कमी ऐकू येतं, पण ज्याला आहे त्याला एक घासही धोक्याचा. चार वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे, काजू यांचे तुकडे नकोत, घशात अडकतात. वर मध नको म्हटलंय ते वेगळ्या कारणाने, पण वर्षाखालच्या बाळाला मध तसाही कधीच देऊ नये.

आणि पीनट बटर घरी करणार असाल तर शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा टाकून द्या. ओलसर साठवणीत शेंगदाण्यावर बुरशी येते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरतं जात नाही. आमच्या बाजूला जूननंतर दाण्याचं पोतं फार दिवस ठेवूच नये.

काटकसरे
पीनट बटर विकत कशाला घेता? दाणे भाजा, सालं काढा, मिक्सरमध्ये घाला. आधी कूट होतो. मग तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, तिथे सगळे घाबरून पाणी घालतात. घालू नका. मिक्सर बंद, कडा खाली, दोन मिनिटं थांबा, परत फिरवा. एका क्षणी तेल सुटतं आणि भांड्यात चक्क ओघळ येतो. दाणे कोमट असताना फिरवलेत तर लवकर येतो.

घाटावरची
मिक्सरचा वास येईपर्यंत फिरवायचं का? आमच्याकडे एकदा कूटच राहिला, मिक्सर मात्र गेला.

काटकसरे
वास यायच्या आत थांबायचं असतं ताई, म्हणून तर म्हटलं दोन मिनिटं थांबा.

ओव्हनवाली
इथे एक फरक लक्षात घ्या. विकतच्या बऱ्याच पीनट बटरमध्ये तेल वर येऊ नये म्हणून थोडं घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. घरच्यात तेल सुटं राहतं. म्हणजे घरचं घेतलंत तर गोळा आणखी मऊ. वर आलेलं तेल चमच्याने काढून टाका (पोळीला लावा), खालचा घट्ट भाग वापरा आणि तीनऐवजी दोनच चमचे.

किंवा काजू वापरा, दर्यावर्दींचंही समाधान होईल. वेंगुर्ला-मालवण भागात काजूचा तुकडा अख्ख्या काजूपेक्षा स्वस्त मिळतो. मंद भाजून तसंच वाटायचं. चव सौम्य येते, डार्क कंपाऊंडपुढे थोडी दबते, म्हणून वरून भरड तुकडा लावायचा. मोठ्या पोरांना.

दर्यावर्दी
हे चालेल.

तुतारी_एक्स्प्रेस
मी चाकरमानी. दादरहून सावंतवाडीला येताना दर वर्षी भाच्यांसाठी चॉकलेट आणतो, कुडाळला उतरेपर्यंत त्याचं सरबत. कंपाऊंड कळल्यावर डोकं शांत झालं. प्रश्न: हे गोळे परतीच्या प्रवासात डब्यातून मुंबईला नेता येतील का? एसी डबा नाही, स्लीपर.

प्रयोगवही
कंपाऊंडचे असतील आणि डबा खिडकीच्या उन्हात नसेल तर येतील. एकावर एक ठेवताना मध्ये बटर पेपर घाला. डबा छोटा घ्या, काठोकाठ भरा, आत जितकी कमी हवा तितकी कमी ओल. आणि पनवेलपर्यंत उघडू नका. हे शेवटचं सर्वांत अवघड.

परसदार
गोळे टाकायला बटर पेपर नसेल तर केळीचं पान. पुसून कोरडं करा, गॅसवर हलकं फिरवून घ्या, गार झालं की त्यावर चमच्याने गोळे टाका. सेट झाले की अलगद सुटतात आणि खाली पानाच्या शिरांची नक्षी उमटते. हळदीचं पान मात्र नको, सगळ्याला पातोळ्यांचा (हळदीच्या पानात उकडतात त्या) वास लागेल.

भरतीओहोटी
लागांदे! चाकलेटाचे पातोळे करूक काय हरकत आसा?

पंचपाळे
कृपया धाग्याचा विषय सोडू नये.

गुळचट
विषय केव्हाच एसटीत बसून निघून गेला, पंचपाळे ताई.

समुद्रकाठची
कालच करून बघितले, गणपतीच्या आधी रंगीत तालीम. २०० ग्रॅम डार्क कंपाऊंड, विकतचं पीनट बटर तीन चमचे, दीड वाटी भाजलेले कुरमुरे, दीड वाटी कॉर्नफ्लेक्स, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं. मध नाही, खोबरेल नाही. केळीच्या पानावर टाकले, बाहेर पावसाची झड. बोट लावून बघायला पोरं होतीच, तासाभरात घट्ट झाले. थोडे फ्रिजमध्ये, थोडे ओट्यावरच्या डब्यात ठेवले. रात्री डब्यातले व्यवस्थित कुरकुरीत. फ्रिजमधले मात्र बाहेर काढल्यावर ओले झाले आणि सुकल्यावर वर पांढुरके डाग आले. ही बुरशी का?

ओव्हनवाली
बुरशी नाही. थंड चॉकलेट दमट हवेत आलं की त्यावर दव जमतं, त्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून गेलं की साखर पांढरी होऊन बसते. खायला काही धोका नाही, फक्त हाताला खरखरीत लागतं. फ्रिजमध्ये ठेवायचेच असतील तर घट्ट डब्यात ठेवा आणि डबा बाहेर काढून अर्धा तास न उघडता तसाच राहू द्या. दव डब्यावर जमेल, गोळ्यांवर नाही. पण तुमचे ओट्यावरचे टिकलेत ना, मग फ्रिज दुर्वांना सोडा.

घाटावरची
बघ, मी म्हटलं होतं ना बिनधास्त कर!

समुद्रकाठची
ताई, तुमचं ऐकून मध घातला असता तर आज पातळ आमटी झाली असती. :)
फोटो काढायचा राहिला, डबा रिकामा आहे. भांड्याला बरंच चॉकलेट चिकटून बसलंय, ते कसं काढायचं तेवढं सांगा कोणीतरी.

गुळचट
फोटो नाही, निषेध.

काटकसरे
भांडं घासायला टाकू नका. त्यातच कडकडीत दूध ओता आणि ढवळा. ते दूध आमच्याकडे करणाऱ्यालाच मिळतं.